लॅरी लालासाहेब आणि तमाम लोक

माझं नाव वीरधवल आहे. ही माझ्या वडिलांची चूक, माझी नाही. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली आणि एकदाही धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहिलो नाही. मला उंचीची, पाण्याची, साहेबांची, कुत्र्यांची आणि 'जरा बोलायचं होतं' असं म्हणणाऱ्या माणसांची भीती वाटते. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं जे घडलं ते मी हौसेनं केलं असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमच्या साताऱ्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघानं 'आपली माती, आपली माणसं' नावाचं प्रदर्शन ठरवलं होतं. प्रत्येक सभासदाला एक टेबल मिळणार होतं. ज्यांच्या घरी तलवारी होत्या त्यांनी तलवारी जाहीर केल्या, ज्यांच्याकडे नाणी होती त्यांनी नाणी. माझ्या टेबलावर मांडायला माझं पेन्शनचं पुस्तक सोडून काही नव्हतं. त्याच आठवड्यात आईच्या अंबाबाईच्या फोटोची काच बदलायला फ्रेमवाल्याकडे गेलो, तर त्यानं कुणाच्या तरी जुन्या फ्रेमच्या मागून काढलेला एक पुठ्ठा कचऱ्यात टाकायला काढून ठेवला होता. त्यावर पांढऱ्या कोटातला, केसांचा फुगा काढलेला एक माणूस सॅक्सोफोन हातात धरून हसत होता. खाली लिहिलं होतं : 'चला! चला! मूनलाइट नाईट क्लब, माधवनगर. प्रोप्रायटर आणि स्वतः वाजवणार : लॅरी लालासाहेब (रिटायर्ड मिलिटरी बँड). गायिका : मिस सोनिया. सहकुटुंब यावे.'

माधवनगरात नाईट क्लब! आणि तोही सहकुटुंब! मी तो पुठ्ठा छातीशी धरून घरी आणला. बायको, म्हणजे रेश्मा, म्हणाली, "हे कोण?" मी म्हटलं, "माझं टेबल."

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं सांगली आणि तिथून माधवनगर गाठलं. चहाच्या गाड्यावर एक म्हातारे गिरणी कामगार भेटले. क्लबचं नाव काढताच त्यांचा चेहरा खुलला. दारूचा परवाना मिळाला नव्हता, म्हणून क्लबात मसाला दूध आणि भडंग मिळायचं. रात्री साडेनऊला क्लब बंद व्हायचा, कारण पावणेदहाला शेवटची एसटी. 'नाचताना भडंग सांडू नये' अशी पाटी होती. चार-पाच वर्षं तो चालला, मग गिरणीचा संप झाला आणि सगळं बसलं. लालासाहेबांना जाऊनही आता तीस वर्षं होऊन गेली होती. एवढं सांगून त्यांनी हळूच समोरच्या खोलीकडे बोट केलं आणि चहा तसाच टाकून निघून गेले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दार पंच्याहत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. म्हणजे, चार बोटं उघडलं. मी हातातला पुठ्ठा त्या फटीतून दाखवला. बाई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या, मग कडी निघाली.

"मी रंगुबाई," त्या म्हणाल्या. "सोनिया त्यानंच ठेवलेलं नाव. मी जतच्या बाजूची, मेंढरामागं गाणी म्हणायची. तितनं उचलून यानं मला माईकम्होरं हुबी केली."

लग्न झालं नव्हतं, पण वीस वर्षं संसार झाला होता. लालासाहेब गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी कोरेगावकडून त्यांचे भाऊबंद गाडी भरून आले आणि खोलीतलं सगळं घेऊन गेले. जाताना बजावून गेले, की जमिनीत नाव लावायला आलीस तर बघ.

"मी कशाला जातीया जमिनीला?" रंगुबाई म्हणाल्या. "पर तवापास्नं दारात कोण हुबं ऱ्हायलं की छातीत धडधडतंय. आज तुमी आला तवाबी धडधडलं."

माझ्याकडे बघून कुणाच्या छातीत धडधडलं, हा माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्यांच्याकडे एक ट्रंक उरली होती. त्या दिवशी ती शेजारी भडंगवाल्याकडे होती म्हणून वाचली. तिच्यात पांढरा सॅटिनचा कोट होता, काळा बो होता, तिकिटांची पुस्तकं, फोटो, आणि मसाला दुधाच्या डागांचं मेनूकार्ड. रंगुबाईंनी ती पायानं माझ्याकडे सरकवली. "न्या. चार लोकं बगतील त्याला. पर माजं नाव न् माजा पत्ता कुनाला सांगायचा न्हाई. त्या माणसांस्नी मी हितं हाय ह्ये कळता कामा नये."

मी शब्द दिला. शब्द देताना मला भीती वाटत नाही, ती नंतर वाटते.

आता फोटोखाली लिहायला जन्मतारीख हवी होती. कोरेगावच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण अजून थोडी भीती आहेच. तिथल्या तलाठ्यांकडे गेलो आणि म्हटलं, लालासाहेबांची जन्मतारीख आणि जमलं तर वंशावळ हवी आहे. त्यांनी अर्ज पुढे केला. अर्जात 'कारण' या रकान्यात तीनच पर्याय छापलेले : वारसनोंद, वाटणी, खरेदीखत. मी म्हटलं, "मला प्रदर्शनासाठी हवंय." ते म्हणाले, "प्रदर्शन ह्यात न्हाई." मी म्हटलं, मग खाली हातानं लिहितो. ते म्हणाले, हातानं लिहिलेलं संगणक घेत नाही. शेवटी माझ्यावर उपकार करावेत तसं त्यांनी स्वतःच 'वारसनोंद'वर खूण केली आणि माझी सही घेतली. कार्यालयात तेव्हा पाचसहा माणसं बसली होती. ती बोलायची थांबली. मी सगळ्यांना नमस्कार करून बाहेर पडलो. कुणी परत नमस्कार केला नाही.

इथंच मी थांबलो असतो तर निभावलं असतं. पण आमच्या शेजारी दादासो राहतात. दादासोंनी चाळीस वर्षं एका वकिलाकडे कारकुनी केली आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत 'सदर विवाह उभयतांच्या राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय होत आहे' असं वाक्य होतं. मी त्यांना सहज म्हणालो, की लालासाहेबांच्या आणखी वस्तू कुणाकडे असतील तर पेपरात दोन ओळी द्याव्या म्हणतो.

"दोन ओळीत काय होतंय?" दादासो म्हणाले. "मी मसुदा करतो. तुम्ही फक्त सही करा."

मी सही केली. वाचायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण तेहतीस वर्षं मी समोर आलेल्या कागदावर न वाचताच सही करत आलो होतो. गुरुवारी पेपर आला आणि चहा घेता घेता मी जाहीर नोटिसांच्या पानावर माझंच नाव वाचलं.

'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, कै. लालासाहेब यांच्या मालकी वहिवाटीच्या सर्व वस्तू, वाद्ये, फोटो व कागदपत्रे आमचे अशील संपादन करीत आहेत. त्यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, पोटगी, ताबा अगर अन्य कसलाही हक्क असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत पुराव्यानिशी खालील पत्त्यावर कळवावे. न कळविल्यास सदरचा हक्क सोडून दिला आहे असे समजून पुढील कारवाई पूर्ण केली जाईल.' खाली माझं नाव, फोन नंबर, घर नंबर, पेठ, आणि 'मारुतीच्या देवळामागे' ही खूण.

मी धावत दादासोंकडे गेलो. "अहो, यात जमिनीचा वास येतोय!"

"येणारच," दादासो अभिमानानं म्हणाले. "त्याशिवाय लोक वाचत नाहीत."

पहिला फोन दुपारी आला. "नोटीस तुमीच दिली का?" मी म्हटलं, हो. पलीकडून आवाज आला, "बरं." आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत असे सात फोन आले, सात वेगवेगळे आवाज, आणि सातही जण शेवटी "बरं" म्हणाले. 'बघून घेतो' म्हणाले असते तर माणसाला काही कळतं तरी. 'बरं'चं काय करायचं? मी रात्रभर त्या शब्दाचा विचार केला. रेश्मा म्हणाली, "बरं म्हणाले ना? मग बरंच असेल," आणि झोपली. तिच्या माहेरी भाऊबंदकी नाही. तिला काय कळणार?

दादासो म्हणाले, "प्रत्येक फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा. पुढं खुनाच्या खटल्यात फार उपयोगी पडतं."

"कुणाच्या खुनाच्या?"

"तुमच्याच की."

मी चौकीवर गेलो. हवालदारांनी शांतपणे विचारलं, धमकी काय दिली? मी म्हटलं, 'बरं' म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, पण ज्या पद्धतीनं म्हणाले ते तुम्ही ऐकायला हवं होतं, आणि तो 'बरं' मी त्यांना म्हणून दाखवला. चौकीतले सगळे जमा झाले. मला दोनदा म्हणून दाखवावा लागला. मग मला पाणी दिलं आणि एका शिपायानं गेटपर्यंत सोडलं.

त्यानंतरचे दिवस मी दाराला दोन कड्या घालून काढले. ट्रंक माळ्यावर चढवली, तिच्यावर गाद्या, गाद्यांवर दिवाळीची भांडी. मला माझं भय होतंच, पण त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि तेच जास्त खात होतं. हे लोक आले, त्यांनी दोन थोबाडीत दिल्या, की मी माधवनगरचा पत्ता सांगून टाकीन. मी स्वतःला एकसष्ट वर्षं ओळखतो. दोन थोबाडीतसुद्धा लागणार नाहीत. नुसता हात उचलला तरी पुरे. आणि मग त्या म्हातारीच्या दारात पुन्हा गाडी उभी राहील.

चौदाव्या दिवशी सकाळी दहाला मारुतीच्या देवळामागे दोन गाड्या थांबल्या. अकरा पुरुष उतरले आणि त्यांनी एका अतिशय म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून उतरवलं. दादासोंची खिडकी धाडकन बंद झाली. आमच्या उंबऱ्याबाहेर बारा जोड पायताणं लागली. भीतीपोटी माणूस किती नीट मोजतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढारी होते दिग्विजयराव, लालासाहेबांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव. पन्नाशीचे, आडवे, पांढरे कपडे. म्हाताऱ्या बाई म्हणजे त्यांची आत्या, लालासाहेबांची सख्खी बहीण बनुबाई. त्यांना खुर्ची दिली. बाकीचे जागा मिळेल तिथं बसले. रेश्मानं बारा कप चहा टाकला. मारायला आलेल्यांनाही चहा विचारायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि आलेल्यांनी तो घ्यायची.

दिग्विजयरावांनी नोटिशीचं कात्रण टीपॉयवर ठेवलं. "आमी मुदतीत आलोय. आज चौदावा दिवस. ह्ये लिवून घ्या आदी."

मी लिहून घेतलं. चौदाचा आकडा दोनदा गिरवला.

"पुरावा म्हणला हुता. ह्यो घ्या पुरावा." सात-बाराचे उतारे आले, जुनं रेशनकार्ड आलं, आणि शेवटी एका पोत्यातून एक लांबट पेटी निघाली. "वाद्यं असं लिवलंय न्हवं? ह्ये वाद्य. तीस वर्सं ताबा आमचा."

लॅरी लालासाहेबांचा सॅक्सोफोन माझ्या टीपॉयवर होता. मी त्याच्यासाठी काय वाट्टेल ते दिलं असतं, आणि त्या क्षणी मला तो नजरेसमोरसुद्धा नको होता.

"आता एकच सांगा," दिग्विजयराव पुढे झुकले. "वारसनोंदीचा अर्ज तुमी टाकला. नोटीस तुमची. तुमचं अशील कोण? त्ये गावत न्हाई तवर आमी हितनं हालत न्हाई. ती माधवनगरची बाई हाय का जित्ती?"

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. अशील कुणी नाही, असं सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार? आणि खरं सांगायचं तर रंगुबाईंचं नाव माझ्या जिभेवर आलंच होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. मला त्यांच्या दाराची चार बोटांची फट आठवली. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मीच."

"मीच म्हंजे?"

"मीच. म्हणजे त्यांचा. मुलगा."

स्वयंपाकघराच्या दारात रेश्माच्या हातातला ट्रे कलला. भिंतीवरून हार घातलेले माझे वडील माझ्याकडे बघत होते. ते टपाल खात्यात होते आणि बँड त्यांनी फक्त स्वतःच्या लग्नात ऐकला होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

दिग्विजयराव उठून उभे राहिले. "कुणाचा मुलगा? आई कोण तुजी?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. माझी आई, दगडाबाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी, पावट्याच्या शेंगा सोलायचं सूप हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं अकरा माणसं बघितली, टीपॉयवरचं ते पितळेचं वाकडं वाद्य बघितलं, माझे गुडघे बघितले.

"मी हाय त्याची आई," ती म्हणाली. "आनि त्यो म्हणतुया ते खरं हाय. काय म्हणणं हाय तुमचं?"

माझ्या आईनं आयुष्यात कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नाही. देवळात तिची जागा पहिल्या रांगेत. ती सगळी अब्रू तिनं वडिलांच्या फोटोसमोर, शेंगांचं सूपही खाली न ठेवता, माझ्यासाठी टाकून दिली. मला भीती विसरून रडू आलं.

"खोटं हाय!" दिग्विजयराव ओरडले.

"गप रं," बनुबाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि अकरा माणसं गप झाली. "पोरा, हिकडं ये."

मी गेलो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, नाकावर अंगठा फिरवला. "नाक लालाचंच हाय."

"आत्या, नाकावर जमीन देत्यात व्हय?"

"मग वाजवाय लाव त्याला. लालाचं रगात आसंल तर वाजवंल."

शाळेत मला पुंगीसुद्धा वाजवता येत नव्हती. दिग्विजयरावांनी पेटी उघडून ते धूड माझ्या हातात दिलं. मी वरच्या नळीचं टोक तोंडात धरलं. तीस वर्षांची धूळ घशात गेली. अकरा माणसांनी हाताची घडी घातली. मी डोळे मिटून, जीव एकवटून फुंकलं आणि अडलेल्या म्हशीनं टाहो फोडावा तसा एक आवाज निघाला. पेठेतली कुत्री भुंकायला लागली. माझा दम संपला तरी तो आवाज थोडा वेळ चालूच होता.

आता पहिली थोबाडीत कोण देणार, एवढंच मी बघत होतो. बनुबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"अस्संच," त्या म्हणाल्या. "रजेवर आला की गोठ्यात बसून अस्संच वाजवायचा. म्हशी दूध चोरायच्या. म्हणून आमच्या थोरल्या दादानं हाकलला त्याला घरातनं. ह्यो लालाचाच पोर. लालाचा वाटा ह्याच्या नावावर चढवायचा."

दिग्विजयरावांनी माझ्याकडे असं बघितलं, की ते सात 'बरं' मला प्रेमाचे वाटायला लागले.

"नको! नको!" मी ओरडलो. "मला जमीन नको! एक सरीसुद्धा नको! आत्ता लिहून देतो!"

अकरा छात्या एकदम खाली बसल्या. कागद आला. 'माझा सदर मिळकतीशी काहीही संबंध नाही.' इतक्या खऱ्या कागदावर मी नोकरीत कधी सही केली नव्हती. सही झाल्यावर लक्षात आलं, की सवयीनं मी मधलं नाव वडिलांचंच, म्हणजे टपाल खात्यातल्याच वडिलांचं घातलं होतं. पण दिग्विजयरावांनी न वाचताच घडी घातली.

"जमीन नगं, मग काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

मी सॅक्सोफोनकडे बोट केलं.

"ह्ये?" त्यांचा विश्वास बसेना. "घे की. माळ्यावर जागा खातंय नुसतं."

सगळे उठले. त्यांनी आईच्या पाया पडायला सुरुवात केली. अकरा माणसं ओळीनं वाकली आणि आई प्रत्येकाला "औक्षवंत हो" म्हणाली. मी बनुबाईंना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं. बाकीचे पायताणं शोधत होते. बनुबाईंनी गाडीत बसता बसता माझं मनगट घट्ट धरलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "माधवनगरची रंगू बरी हाय न्हवं?"

मी गाडीच्या चाकाकडे बघायला लागलो.

"नगं सांगूस. शब्द दिला आसशील," त्या म्हणाल्या. "लाला गेला तवा आमच्या मानसांनी तिच्या चुलीवरला तवासुदीक घरी आणला. मी त्या तव्यावरची भाकरी कवा खाल्ली न्हाई. तिला कळीव, आता कोण येत न्हाई म्हणावं. दार उगडं टाकून नीज."

गाड्या गेल्या. तिथंच उभं राहून माधवनगरला फोन लावला आणि निरोप दिला. पलीकडून रंगुबाईंनी विचारलं, "बनुताई म्हणाली असं?" मी हो म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

घरात आलो. आई पुन्हा जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. मी तिच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत तिच्यासमोर इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"माणूस चांगला हुता का रं त्यो?" तिनं वर न बघता विचारलं.

"होता, आई."

"आनि दिसाय?"

"दिसायलाही होता. लय."

आईनं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि भिंतीवरच्या फोटोकडे एकदा बघितलं.

"मग आसू दे," ती म्हणाली. "तुज्या बापाचं मी बगती."